दर दसऱ्यानंतर परत येणारा डाग: खाऱ्या हवेत एसएसचे जोडच का गंजतात

दसरा झाला की मला एक फोन ठरलेला असायचा. "अहो, तुमचं रेलिंग परत गंजलंय." फोन करणारे काका कोथरूडचे, घर दिवेआगरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. रेलिंग आमच्या भोसरीच्या शेडमधलं. ३०४ या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा (एसएस) दोन इंची पाइप, सोळा गेज, आरगॉन वेल्डिंग, वरून बफ मारून आरशासारखं केलेलं. बसवलं त्या दिवशी काकांनी त्यात बघून भांग पाडला होता. पहिल्या पावसाळ्यानंतर फोन आला, आम्ही जाऊन पॉलिश करून आलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर परत तेच. तिसऱ्या खेपेला ताम्हिणी उतरताना मी पोरांना सांगितलं, आज बफचं मशीन गाडीतून काढायचं नाही. आधी नुसतं बघायचं.

पुण्याची बरीच मंडळी कोकणात घर बांधतात, लोखंडी आणि एसएसचं काम इथूनच करून नेतात आणि दोन वर्षांत हीच तक्रार घेऊन येतात. इथे तेच रेलिंग पाच वर्षं कुणी फडक्याने पुसलं नाही तरी चकचकीत राहतं, त्यामुळे आपण काम चोख केलंय असं आपल्यालाही वाटत राहतं. तसं नसतं. पुण्याची कोरडी हवा आपल्या चुका पोटात घालते, दिवेआगरची घालत नाही, एवढाच फरक.

डाग पुसू नका, आधी फोटो काढा

साइटवर पोचलं की घरमालकासमोर काहीतरी करून दाखवायची घाई होते आणि हात आपोआप फडक्याकडे जातो. तो आवरा. डाग कुठे पडलाय आणि कुठे पडलेला नाही, यातच निम्मं निदान असतं, आणि पहिल्या पुसण्यात ते निघून जातं. मागच्या दोन खेपांना मी नेमकं तेच केलं होतं.

त्या दिवशी मोबाइलचा कॅमेरा झूम करून एकेक जोड बघत गेलो. पहिलं नवल म्हणजे वरच्या गच्चीचं रेलिंग. ते उघड्यावर आहे, चार महिने पावसाचा मारा खातं, आणि तेच जवळजवळ स्वच्छ होतं. खालच्या व्हरांड्याचं स्लॅबच्या आडोशाला आहे आणि त्याच्यावर डागच डाग. काका म्हणाले, "उलटं असायला हवं ना?" उलटं नाही. पाऊस मीठ धुऊन नेतो. आडोशाच्या रेलिंगवर समुद्राचा वारा मीठ आणून टाकतो आणि ते धुवायला कुणी येत नाही.

मग जोड. उभा पाइप आडव्याला जिथे भिडतो तिथे वरून बघाल तर काम देखणं. खालून, जेमतेम करंगळी जाईल अशा बेचक्यात, तपकिरी पट्टी होती आणि तिच्या कडेला निळसर-जांभळी झाक अजून शिल्लक होती. वेल्डिंगची झाक, तीन वर्षांपूर्वीची. ती दिसली आणि मला माझीच लाज वाटली. जिथे बफचं चाक पोचत नाही नेमका तिथेच प्रत्येक जोडाला डाग होता. एक जोड अपवाद नाही.

तिसरा प्रकार जोडापासून लांब, सरळ पाइपवर. मोहरीपेक्षा बारीक ठिपके, पण इतस्ततः नाहीत, पंख्यासारखे पसरलेले. ग्राइंडरच्या ठिणग्या अशाच उडतात. आणि चौथा प्रकार तळाला, बेसप्लेट झाकणाऱ्या गोल कॅपभोवती एक तपकिरी कडं.

चार वेगळे डाग होते आणि आम्ही दोन वर्षं सगळ्यांना एकच औषध देत होतो.

पुसलेला गंज परत का येतो

थोडी तात्त्विक बाजू, पण कामापुरतीच. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि ते हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक थर धरतं. थर केवढा, तर काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तर तो आपोआप पुन्हा धरतो. सगळी जादू त्या थराची, पोलादाची नाही. मिठातलं क्लोराइड हा थर एखाद्या कमकुवत ठिकाणी फोडतं आणि तिथे बारीक खड्डा पडायला सुरुवात होते. एकदा खड्डा पडला की त्याच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, आतलं पाणी आम्ल होत जातं, बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं आणि खड्डा स्वतःच स्वतःला पोसतो. बाहेर दिसणारा तपकिरी डाग हे त्या खड्ड्याचं नुसतं ओघळलेलं पाणी. आपण ओघळ पुसतो. बफ मारला तर खड्ड्याचं तोंड थोडं दबून बंद होतं, आतलं काम चालूच राहतं. काकांच्या रेलिंगला दोन वर्षं आम्ही हेच करत होतो.

यात हवेचाही वाटा आहे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की पाणी ओढायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे कोकणात रेलिंगवरचं मीठ पूर्ण कोरडं असं जवळजवळ कधी नसतंच. त्यात ऑक्टोबरचं ऊन. दिवसा पाणी आटतं, खारेपणा दाट होतो, रात्री परत ओल धरते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास असतं. आटत आलेल्या त्या थेंबात त्याच्या कितीतरी पट. फोन दसऱ्यानंतर येतो तो उगाच नाही.

निळी झाक

आता मुख्य गुन्हेगार. वेल्डिंग करताना जोडाच्या दोन्ही बाजूंना गवती पिवळा, तांबूस, निळा, करडा असे पट्टे उठतात. ग्राहकाला ते आवडतातही, बुलेटच्या सायलेन्सरसारखे दिसतात. पण रंग म्हणजे तिथे जाड आणि भेगाळ ऑक्साइड तयार झालाय, आणि तो तयार करताना त्याने खालच्या धातूतलं क्रोमियम खाल्लंय. झाकेखाली काही मायक्रॉनचा एक थर क्रोमियमने गरीब असतो. रंग जितका गडद तितकी गरिबी जास्त. फिक्या पिवळ्यावर पुण्यात निभतं; निळ्याच्या पुढचं काहीही समुद्रकाठी ठेवायचं नाही.

उपाय दोन. किंवा तो थर घासून पूर्ण काढायचा, नुसता रंग नव्हे, खालचा गरीब थरसुद्धा. किंवा पिकलिंग पेस्ट, म्हणजे तो थर खाऊन काढणारी ॲसिडची पेस्ट, लावायची. बफिंगने रंग जातो आणि चमक येते, पण थर नीट निघतोच असं नाही, आणि बेचक्यात तर चाक जातच नाही. आमच्या धंद्यात "चमकलं म्हणजे झालं" हा समज इतका मुरलाय की पिकलिंग पेस्टचा डबा कित्येक शेडमध्ये तुम्हाला दिसणार नाही. मीही केमिकल प्लांटच्या कामालाच तो उघडायचो. रेलिंगला कोण लावतंय?

झाक मुळात कमी पडावी यासाठी करंट हवा तेवढाच ठेवा, एका जागी रेंगाळू नका, आणि आर्क बंद झाल्यावरही गॅस चालू ठेवून टॉर्च काही सेकंद जोडावरच धरा. आरगॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतो. जास्त सोडला तर उलट हवा आत ओढली जाते. साइटवर जोडायचे असतील तर ताडपत्रीचा आडोसा करा. दिवेआगरला आम्ही चार जोड जागेवर मारले होते, वाऱ्यात. तेच चार सगळ्यात काळे निघाले.

दुसऱ्याचं लोखंड

पंख्याच्या आकाराचे ते ठिपके माझ्या पाइपचे नव्हतेच. ते शेजारच्या टेबलावर कापल्या जाणाऱ्या एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) गेटचे होते. लोखंडाचे बारीक कण उडून गरम एसएसवर चिकटतात, पुण्यात दिसत नाहीत, कोकणात पहिल्या दमट रात्री फुलतात. आणि कण गंजताना खालचा थरही बिघडवतात, म्हणजे नंतर कण गेला तरी जागा अधू राहते. तीच गत एमएसवर फिरवलेली फ्लॅप डिस्क एसएसवर वापरली तर, साध्या तारेचा ब्रश मारला तर, किंवा घर राखणारा गडी मनापासून तारेच्या घासणीने रेलिंग घासत बसला तर. काकांच्या गड्याने ते केलंच होतं. त्याला बोलण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलं होतं?

हे लोखंड पकडायची एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. मोरचूद. २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात १ मिली सल्फ्युरिक ॲसिड सावकाश सोडायचं (पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही), त्यात ४ ग्रॅम मोरचूद विरघळवायचा आणि ते पाणी संशयित भागावर निदान सहा मिनिटं ओलं ठेवायचं. जिथे मोकळं लोखंड आहे तिथे तांब्याचा गुलाबी डाग उमटतो. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा गंमत वाटते, मग पोटात गोळा येतो, कारण गुलाबी नकाशा बरोबर आपल्या डिस्कच्या वाटेने जातो. अन्नाला लागणाऱ्या भांड्यांवर किंवा टाक्यांवर मात्र ही चाचणी करायची नाही. तिथे साध्या पाण्याने काम होतं. ओलं करा, वाळू द्या, दिवसभर पुन्हा पुन्हा तेच करा. लोखंड असेल तर २४ तासांत तपकिरी होऊन स्वतःच पुढे येतं.

शेडमध्ये बदल काय केला? एसएसच्या डिस्क, ब्रश आणि कटिंग व्हीलला निळा रंग मारला आणि वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवले. टेबलावर जुन्या एसएस पत्र्याचं अस्तर घातलं. एमएसचं कटिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये पडदा. यात फारसा खर्च झाला नाही. सवय लागायला सहा महिने गेले.

फटी, कॅप आणि न गंजलेले डाग

कॅपभोवतीचं कडं बघून कॅप वर सरकवली तर आत ओली वाळू, कोळ्याचं जाळं आणि तळाशी दोन चमचे तरी खारं पाणी. फटीतल्या पाण्याला ऑक्सिजन मिळत नाही, थर पुन्हा धरत नाही, गंज आतल्या आत चालतो. नुसते टाके मारून सोडलेल्या जोडांचंही तेच. दोन टाक्यांच्या मधली फट म्हणजे मिठाचं घर. समुद्रकाठी जोड सलग भरायचा, आणि कॅप लावायचीच असेल तर खाली न्यूट्रल सिलिकॉन भरून. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको, तो सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो.

इथे एक गंमत. दोन बेसप्लेटचा डाग एसएसचा नव्हताच. फास्टनर साध्या झिंक प्लेटिंगचे होते, ते गंजून ओघळ एसएसवर आला होता. बोल्ट बदलले, डाग संपला. रेलिंगला दोष देण्याआधी नटबोल्टकडे बघायला एक मिनिट लागतं.

आणि समुद्राचा संबंधच नसलेली एक भानगड, जी पुण्यातच वरचेवर दिसते. नवीन फ्लॅट, नवीन रेलिंग, महिनाभरात पाइपचा खालचा फूटभर भाग करडा आणि तपकिरी. इथे खाडीसुद्धा नाही, मग मीठ कुठून आलं? फरशीवाल्याच्या बाटलीतून. टाइल्स बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओततात, ते हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइडच. त्याची नुसती वाफसुद्धा एसएसला पुरते. डाग जर ठरावीक उंचीपर्यंतच असेल, तर वेल्डरला फोन करण्याआधी फरशीवाल्याला विचारा. रेलिंग शक्यतो फरशीचं ॲसिड धुऊन झाल्यावरच बसवा.

३०४ तरी आहे का?

ग्राहकाचा पहिला संशय हाच असतो आणि तो कधीकधी खराही ठरतो. बाजारात दोनशे सिरीजचा माल, आपल्याकडे जे-फोर म्हणून चालतो तो, ३०४ म्हणून गळ्यात मारला जातो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. जे-फोरमध्ये क्रोमियम १५-१६, निकेल जेमतेम एक टक्का, आणि निकेलची जागा मँगनीजने भरलेली. दिसायला सारखाच. लोहचुंबक लावून बघणाऱ्यांनी तो खिशात ठेवावा: दोन्ही चिकटत नाहीत. उलट चांगल्या ३०४ च्या वेल्डवर चुंबक थोडा ओढतो, कारण वेल्डमध्ये थोडं फेराइट असतं आणि ते असायलाच हवं. थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावायचं किट मिळतं, मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो. पैसे आणि जबाबदारी दोन्ही मोठी असेल तर एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) तपासून घ्या, काही सेकंदांत आकडे मिळतात. फक्त ती गन कार्बन मोजत नाही, म्हणजे ३०४ आणि कमी कार्बनचा ३०४एल यांतला फरक तिला कळत नाही. हे पुढे लागणार आहे.

काकांचा माल खरा ३०४ निघाला. मला जरा वाईटच वाटलं, कारण दोष ढकलायला कुणी उरलं नाही.

मग ३१६ घ्यावा का? समुद्रकाठी हो. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खड्ड्यांना ते बऱ्यापैकी रोखतं. एक ढोबळ गणित आहे, आकडा जितका मोठा तितका खड्ड्यांना विरोध जास्त: क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ ला १८-१९ येतात, ३१६ ला २४-२५, २२०५ डुप्लेक्स या आणखी वरच्या जातीला ३५ च्या आसपास. पण हा आकडा स्वच्छ पृष्ठभागाचा आहे. निळी झाक ठेवलेला ३१६ आणि नीट पिकलिंग केलेला ३०४ यांत पहिल्या दोन पावसाळ्यांत कुणावर आधी डाग पडेल, यावर मी ३१६ च्या बाजूने पैज लावणार नाही. आणि ३१६ घेतला तर फिलरही (जोडात वितळवायची कांडी) ३१६एल चा. ३०८एल ची, म्हणजे ३०४ साठीची, कांडी मारून पाइप महाग आणि जोड स्वस्त असला उद्योग मी पाहिलाय.

पृष्ठभागाचा खरखरीतपणाही महत्त्वाचा असतो. ओरखड्यात मीठ अडकतं. १८० ग्रिटचा "मॅट" फिनिश कोकणात टाळा, ३२० किंवा त्याहून बारीक जा, आणि रेषा उभ्या ठेवा, म्हणजे पाणी ओघळून जातं.

लोणच्याची टाकी

रेलिंगला दिसलेली नाही, पण खाऱ्या कामात भेटणारी एक वेगळीच केस. हडपसरच्या पुढे एक गृहस्थ लोणची करतात. कैरीच्या फोडी मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवायला त्यांनी ३०४ ची टाकी करून घेतली होती, पाच मिमी पत्रा. दुसऱ्या हंगामात ती झिरपायला लागली. कुणीतरी वरून वेल्ड मारून दिला. महिनाभरात त्या वेल्डच्या शेजारून झिरपली. परत वेल्ड, परत शेजारून. माझ्याकडे आली तेव्हा तिला ठिगळांवर ठिगळं होती.

इथे डागाची जागाच सांगत होती. जोडावर काही नाही. जोडापासून चार-पाच मिमी लांब, दोन्ही बाजूंना, जोडाला समांतर बारीक रेघ. पोलाद ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जास्त वेळ राहिलं की कार्बन आणि क्रोमियम कणांच्या सीमांवर एकत्र येऊन कार्बाइड बनवतात. सीमेजवळचं क्रोमियम संपतं आणि गंज त्या सीमांवरून चालत जातो. जोड स्वतः वितळतो, त्याच्या शेजारचा पट्टा या तापमानात रेंगाळतो. जाड पत्रा, एकावर एक रन (वेल्डचे थर), मध्ये थंड होऊ न देणं, आणि ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन चालणारा साधा ३०४, हे सगळं जमलं की असं होतं. दुरुस्तीचा प्रत्येक वेल्ड शेजारी नवा पट्टा तयार करत होता. एल ग्रेडमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो, त्यात ही भानगड सहसा होत नाही. सोळा गेजचा पाइप झटकन गार होतो, म्हणून रेलिंगवाल्यांनी याची फार चिंता करू नये. खात्री हवी तर भोसरी-चिंचवडच्या टेस्टिंग लॅबमध्ये तुकडा कापून ऑक्झॅलिक ॲसिडची एचिंग चाचणी करून मिळते.

पण त्यांना मी ३१६एल ची नवी टाकी विकली नाही. आंबट, खारट पाणी, महिनोन्‌महिने, न हलता. तिथे ३१६एल सुद्धा किती टिकेल याची मी हमी देणार नव्हतो. फोडी मुरवायला फूड ग्रेड प्लास्टिकचे पिंप घ्या, धुणं, चिरणं, कालवणं एसएसवर करा आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन टाका, असं सांगितलं. आजी लोणचं चिनीमातीच्या बरणीत घालायची आणि मीठ सटात ठेवायची. स्टीलची भांडी घरात नव्हती म्हणून नव्हे.

खाऱ्या पाण्याबरोबर उष्णताही असेल, साधारण ६० अंशांच्या वर, तर डाग न पडता थेट चीर जाऊ शकते. बंदिस्त पोहण्याच्या तलावांच्या छतात तर हे साध्या खोलीच्या तापमानालाही घडलंय. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९८५ मध्ये तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली, ते छत स्टेनलेसच्या सळयांनी टांगलेलं होतं. सोसायटीच्या बंद तलावावर कुणी एसएसच्या हँगरने काही टांगायला सांगितलं तर मी काम घेत नाही.

दिवेआगरला काय केलं

दोन दिवस लागले. पहिल्यांदा पाण्याचा प्रश्न. काकांच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, त्याने धुणं म्हणजे मीठ पुन्हा लावणं. गोड्या पाण्याचा टँकर मागवला. आधी सगळं धुतलं. मग मोरचुदाने तपासून खडूने खुणा केल्या. कोऱ्या डिस्कने १२०, २४०, ३२० असं उतरत गेलो, आणि बेचक्यांत पेन्सिल ग्राइंडर घातला. खड्डा दिसायचा थांबेपर्यंत घासायचं, चमक येईपर्यंत नव्हे.

मग पेस्ट. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, आणि दुसऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. ते कातडीवर पडलं की लगेच झोंबेलच असं नाही. न झोंबता आत हाडापर्यंत उतरतं. लांब रबरी हातमोजे, गॉगल, तोंडावर शील्ड, उघडी हवा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आधी विकत घेऊन जवळ, त्याशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही. अंगावर पडलं तर भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून थेट दवाखाना. घरमालकांनी हे स्वतः करायच्या भरीस पडू नये. आम्ही ब्रशने जाड थर दिला, सावलीत, डब्यावरच्या वेळेप्रमाणे अर्ध्या तासाच्या आसपास ठेवला, वाळू दिला नाही, आणि भरपूर पाण्याने धुतला. धुतलेलं पाणी पिंपात धरून चुन्याने शमवलं, माडांच्या मुळाशी सोडलं नाही.

पेस्ट काढल्यावर जोड पांढरट, मॅट दिसतात. काका हिरमुसले. त्यांना आरसा हवा होता. वरच्या दिसत्या भागाला नंतर हलकं पॉलिश दिलं, बेचके तसेच मॅट ठेवले. शेवटी पाण्यात ५-६ टक्के सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, कालवून २० मिनिटं सगळीकडे ओलं ठेवलं आणि धुतलं. याने मोकळं लोखंड निघतं आणि थर नीट धरतो. निळी झाक मात्र लिंबूसत्त्वाने जात नाही. पेस्ट टाळून नुसतं हे करायचा मोह होतो, म्हणून सांगितलं.

आता माझ्या कोटेशनमध्ये कोकणच्या कामाला तीन ओळी वेगळ्या असतात: ३१६एल, जोडांचं पिकलिंग, आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायची जबाबदारी मालकाची. दुसरी ओळ कापून भाव कमी करा म्हणणारे भेटतात. त्यांना मी सरळ गॅल्व्हनाइज करून रंगवलेलं एमएस सुचवतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर कोकणातल्या निम्म्या घरांना तेच शोभतंही.

काकांच्या गड्याला आम्ही एक मऊ फडकं, साबण आणि गच्चीवरच्या पावसाच्या टाकीचा नळ दाखवून दिला. मागच्या कोजागिरीला काकांनी व्हरांड्याचे फोटो पाठवले. सगळं स्वच्छ, एक जोड सोडून. तो झोपाळ्याच्या मागे, भिंतीला खेटून आहे. दोन बोटांची फट, तिथे ना ग्राइंडर गेला ना ब्रश, आणि पाण्याची धारही नीट जात नाही. तो काढायचा तर गिलावा फोडावा लागेल. काका म्हणतात, रंगकाम काढू तेव्हा बघू.